आठ सूत

श्रेयांस मगदूम म्हणाले, पुढनं एक इंच खाली घ्यायची.
आमच्यात इंच म्हणत नाहीत. मी म्हटलं, आठ सूत.

अडुसष्ट सालची एम.जी., बाटलीसारखी हिरवी,
छत कापडाचं, दारं गुडघ्याएवढी,
आणि नाक वर.
सांगलीच्या हळदपेठेत हमालसुद्धा म्हणायचे,
अण्णा मगदूम खाली बघत्यात, गाडी बघत न्हाई.

कुपवाडच्या शेडमध्ये दुपारी पत्रा कडकड वाजतो.
चाक काढलं. खालच्या हाताला जॅक दिला.
दाबलेली स्प्रिंग जागी असते.
हलत नाही, बोलत नाही,
चार बोल्टांपलीकडं उभी राहून
तुमच्या दातांची वाट बघते.
आब्बांच्या डाव्या भुवईत खाच होती,
ती कसली, हे मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.
म्हणून दोन बोल्टांच्या जागी लांब आट्याचे गज,
एक फेरा हा, एक फेरा तो,
भरली घागर डोक्यावरनं उतरवावी तसं.

डावी निघाली. गंजलेली, पण सरळ.
उजवी निघाली आणि तिच्यामागनं टणकन
एक चकती फरशीवर.
अ‍ॅल्युमिनियमची, लेथवर कातलेली, दोन सूत जाड,
कडेला पंचनं ठोकलेला शि.
शिकलगारांचा शि.
धार मारल्याशिवाय ते काही हातावेगळं करत नसत.

एकाच बाजूला? मगदूम म्हणाले. चूक असंल.
आब्बांच्या चुका मी पाहिल्यात,
पण त्या कधी कातलेल्या नसायच्या.

मग आठवलं.
गाडी रिकामी मोजायची नसते,
चालवणाऱ्याला बसवून मोजायची.
आणि अण्णा एकशे आठ किलो,
शेजारची सीट कायम मोकळी,
आणि अण्णांना दहा मिनिटं गप बसवणं
कुणाच्या बापाला जमलेलं नाही.
आब्बांनी पेठेतनं दोन पोती हळद मागवली,
स्टिअरिंगमागं एकावर एक,
वर चेष्टेनं अण्णांचीच टोपी.
मी सात वर्षांचा, बॅटरी धरून उभा.
पोत्यांखाली गाडी उजवीकडं जितकी बसली
तितकी त्यांनी उचलून दिली.
(वर दोन सूत घातलं की चाकाशी चार होतं.
हाताला लांबी असते.)
म्हणजे अण्णा बसले की सपाट.
उठले की वाकडी.

गेल्या दिवाळीपासून वाकडीच होती.
मगदूमांना वाटलं, डाव्या टायरात हवा कमी आहे.

चकती त्यांनी तळहातावर घेतली, फुंकली.
पिवळं काही उडालं नाही.
ग्रीस होतं, काळं.

नव्या स्प्रिंगा बसवल्या, आखूड, इथंच वळून घेतलेल्या.
मग म्हटलं, बसा. हलू नका.
बसले. अठ्ठावन्न किलो,
दोन्ही हात स्टिअरिंगवर,
शाळेतल्या फोटोला बसावं तसे.
मी फरशीवर पालथा, टेप हबच्या मध्यापासून
मडगार्डच्या कडेपर्यंत.
डावी. उजवी.
पुन्हा डावी, पुन्हा उजवी.
केसभर फरक आला, तो मी सांगितला नाही.

झालं?
थांबा.
यासीनभाई, ते असे बसले असते का हो?
थांबा म्हटलं ना.
श्वास सोडा आता.

दिवेलागणीला गाडी निघाली, नाक खाली,
शाळेपुढच्या स्पीडब्रेकरपाशी अडली.
कुणीतरी आपल्याच जबाबदारीवर बांधलाय तो, हातभर उंच.
तिरकी घातली त्यांनी, एक चाक, थांबून दुसरं,
तरी पोटाला लागलंच.
खर्र.
मी शेडच्या दारात कापसानं बोटं पुसत.
मागं न बघता त्यांनी हात वर केला,
ऐकलं म्हणून.

चकती त्यांच्या उजव्या खिशात आहे.
पाव किलोही नसेल.
ती मी मापात धरलेली नाही.